१८ वर्षांच्या मुलाला रक्ताचा कॅन्सर : मुलांच्या विभागात न्यायचं की मोठ्यांच्या?

उजनीकाठ (सोमवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझा भाचा अठरा वर्षांचा आहे, पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षाला. ताप येत-जात होता, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पायावर जांभळे डाग उठले. सोलापुरातच बोन मॅरोची (हाडातल्या मगजाची) तपासणी झाली आणि रिपोर्ट आला : अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे एएलएल. इथल्या डॉक्टरांनी मोठ्या सेंटरला जायला सांगितलंय. आम्ही परवा मुंबईला निघतोय.

ओळखीच्या एका बालरोगतज्ज्ञांना फोन केला, तर ते म्हणाले, अठरा म्हणजे माझ्याकडचं वय नाही. एका हितचिंतकाच्या ओळखीचे मोठ्यांचे कॅन्सर डॉक्टर आहेत, त्यांनी उलट सांगितलं की हा आजार लहान मुलांचा, मुलांच्या डॉक्टरांनाच जास्त कळतो. मग नेमकं कुठं न्यायचं?

दुसरं म्हणजे ताईनं त्याला अजून खरं सांगितलेलं नाही. 'रक्तात इन्फेक्शन झालंय' एवढंच सांगितलंय. आणि मुंबईत राहायची सोय, खर्च, याबद्दल ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा. ताई-भावजींचं यंत्रमागावर पोट आहे.

शेंगाचटणी (सोमवार, रात्री ९:५२)

धीर धरा दादा. एएलएल बरा होणारा आजार आहे, हे आधी ताईंना सांगा. बाकी जाणकार लिहितीलच.

पॅथॉलॉजीवाला (सोमवार, रात्री १०:३०)

उजनीकाठ, परवा निघताय ते योग्यच आहे. या आजारात उपचार दिवसांच्या हिशेबानं सुरू व्हायला लागतात, आठवडे घालवायचे नसतात. बरोबर काय न्यायचं ते आधी लिहितो : बोन मॅरोच्या काचा, फ्लो सायटोमेट्रीचा (पेशींचा प्रकार ओळखायच्या तपासणीचा) पूर्ण रिपोर्ट (नुसतं शेवटचं पान नको), आधीचे सगळे सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजल्याचे रिपोर्ट. तापासाठी कुणी स्टिरॉइडची गोळी किंवा इंजेक्शन दिलं असेल तर त्याची चिठ्ठी आठवणीनं न्या आणि पहिल्याच भेटीत सांगा. या आजाराच्या पेशी स्टिरॉइडनं लगेच कमी होतात, त्यामुळे पुढच्या तपासण्यांचं चित्र बिघडतं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. तुमचा भाचा ज्या वयात आहे त्याला कॅन्सरच्या जगात वेगळं नाव आहे, किशोर आणि तरुण प्रौढ. अमेरिकेतली राष्ट्रीय कर्करोग संस्था त्यात १५ ते ३९ वय धरते. ही मुलं दोन्ही विभागांच्या मधे सापडतात, आणि तुम्हाला मिळालेली दोन उत्तरं त्यातूनच आली आहेत.

२००८ साली अमेरिकेत एक तुलना प्रसिद्ध झाली. १६ ते २० वयाचे, एएलएल असलेले रुग्ण. काहींवर मुलांच्या गटाच्या पद्धतीनं उपचार केलेले, काहींवर मोठ्यांच्या. आजार तोच, वय तेच. सात वर्षांनी पहिल्या गटातले ६७ टक्के हयात होते, दुसऱ्या गटातले ४६ टक्के. मुलांच्या पद्धतीत अ‍ॅस्पॅराजिनेज, व्हिन्क्रिस्टिन आणि स्टिरॉइड या औषधांचे डोस जास्त असतात, पाठीच्या कण्यातून मेंदूच्या संरक्षणासाठी द्यायची इंजेक्शनं लवकर आणि जास्त वेळा असतात, आणि वेळापत्रक कडक असतं. त्यानंतर मोठ्यांच्या डॉक्टरांनीही तरुण रुग्णांसाठी हीच पद्धत उचलली.

म्हणून दारावरच्या पाटीवर 'बाल' लिहिलंय की नाही यापेक्षा डॉक्टरांना सरळ विचारा : "याला मुलांच्या धर्तीवरचा प्रोटोकॉल (उपचाराचा ठरलेला आराखडा) देणार का? देणार नसाल तर कारण काय?" चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही.

सिद्धेश्वरएक्सप्रेस (सोमवार, रात्री ११:०५)

प्रवासाचं मी सांगतो, माझ्या वडिलांसाठी पुष्कळ फेऱ्या केल्यात.

रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा आणि दादरला उतरा, सीएसएमटीपर्यंत जाऊ नका. परळचं टाटा हॉस्पिटल तिथून जवळ, सकाळी लवकर नंबर लागतो. येताना बरं वाटत असेल तर वंदे भारत आहे, पण केमो झाल्यावर इतके तास बसून येण्यापेक्षा आडवं पडून आलेलं बरं.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता स्लीपर आणि थ्री टायर एसीमध्ये पूर्ण सवलत आहे, बरोबरच्या एका माणसाला ७५ टक्के. हॉस्पिटलच्या डॉक्टरांची सही-शिक्का असलेला ठरावीक नमुन्यातला फॉर्म लागतो. पहिल्या फेरीला तो हातात नसतो, म्हणून पहिल्याच दिवशी मागून घ्या. थ्री टायरचंच तिकीट काढा. स्लीपरच्या डब्यात गर्दी आणि धूळ असते, आणि ह्या मुलाच्या पांढऱ्या पेशी कमी असणार.

राहायला दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती. दोन्हीकडं गर्दी असते. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन चिठ्ठी मागायची, तिथली माणसं खरंच मदत करतात.

नर्मदाकाकू (मंगळवार, सकाळी ७:१५)

बाळाला स्वामी समर्थ बरं करतील. आमच्या शेजारच्या मुलाच्या प्लेटलेट पपईच्या पानांच्या रसानं वाढल्या होत्या. गव्हांकुराचा रसही चांगला. घरचं आहे, अपाय नाही. ताईंना सांगा करायला.

वॉर्डनंबरसात (मंगळवार, सकाळी ८:२०)

काकू, अक्कलकोटला जाऊन या, मुलासाठी मागून या, त्याला माझा मनापासून नमस्कार. मी केमो डे-केअरला नर्स आहे, तिथं रोज अंगारा लावलेली कपाळं बघते आणि मला बरं वाटतं. पण रस देऊ नका.

पपईच्या पानाची गोष्ट डेंग्यूतली आहे. डेंग्यूत प्लेटलेट आपोआपच परत वर येतात. इथं मुळात मॅरोमध्येच आजाराच्या पेशींमुळं प्लेटलेट बनायला जागा उरलेली नाही. आणि केमोनंतर पांढऱ्या पेशी इतक्या खाली येतात की कच्च्या पाल्याच्या रसातले साधे जंतूसुद्धा रक्तात शिरू शकतात. शिवाय कुठलाही काढा किंवा पुडी औषधांच्या मधे येऊन लिव्हरवर ताण देऊ शकते. अ‍ॅस्पॅराजिनेजनं लिव्हर आधीच दमलेलं असतं.

उजनीकाठ, ताईंसाठी लिहिते. वही करून त्यात उतरवायला सांगा.

बॅगेत डिजिटल थर्मामीटर हवाच. घरी, धर्मशाळेत, रेल्वेत, सगळीकडं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला की घड्याळ सुरू झालं असं समजायचं. क्रोसिन देऊन 'सकाळपर्यंत बघू' करायचं नाही. रात्री दोन वाजले असले तरी हॉस्पिटल गाठायचं आणि दारातच सांगायचं, "केमोचा पेशंट आहे, ताप आहे." अँटिबायोटिक पहिल्या तासाभरात शिरेतून जायला लागतं. सोलापुरात परत याल तेव्हा यासाठी कुठल्या हॉस्पिटलला जायचं ते आधीच ठरवून, तिथल्या डॉक्टरांना फाइल दाखवून ठेवा. ताप आल्यावर शोधाशोध नको.

खाणं : ताजं, शिजवलेलं, गरम. गाड्यावरचा उसाचा रस नाही, बर्फ नाही, चिरून ठेवलेली फळं नाहीत. सोलून खायचं केळं किंवा मोसंबी घरी धुऊन सोलून चालेल. आणि आता हुरड्याचे दिवस आहेत, शेतावर बोलावणी येतील. यंदा नको. तोंड आलं की शेंगाचटणी हातात घ्यायची नाही (आयडीला नव्हे, खऱ्या चटणीला म्हणतेय), दुधात कुस्करलेली मऊ भाकरी द्या.

शेंगाचटणी (मंगळवार, सकाळी ८:४१)

माझ्यावर बंदी आणल्याबद्दल तक्रार नाही. 🙂 मुलगा बरा झाला की पहिला डबा माझ्याकडून.

बार्शीकर (मंगळवार, सकाळी १०:१०)

आपल्या जिल्ह्याचा विषय निघाला म्हणून. बार्शीला नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आहे हे अनेक सोलापूरकरांना माहीत नसतं. ग्रामीण भागाची देशातली पहिली कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये बार्शीतच सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीवर जो मोठा अभ्यास झाला, त्यातही बार्शीच्या हॉस्पिटलची माणसं होती. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायका त्यात होत्या. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर करणारा विषाणू) चाचणीनं मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली तो जगभर गाजला. आपल्याकडच्या खेड्यातल्या बायकांनी जगाला शिकवलेली गोष्ट आहे ही, मला त्याचा फार अभिमान वाटतो.

उजनीकाठ, तुमच्या भाच्यासाठी सुरुवातीचे महिने मोठ्या सेंटरलाच काढा. पण उपचार एकूण अडीच-तीन वर्षं चालतील आणि त्यातला मोठा भाग गोळ्यांचा असतो. त्या टप्प्यात रक्ततपासणी आणि किरकोळ इंजेक्शनं घराजवळ होऊ शकतात का, हे मुंबईच्या डॉक्टरांनाच विचारा आणि त्यांच्याकडून लेखी आखून घ्या. दर वेळी साडेचारशे किलोमीटर जाऊन मागावरची मजुरी बुडवायची म्हणजे शेवटी लोक उपचारच सोडतात.

मीरा_जुळेसोलापूर (मंगळवार, दुपारी १:३०)

इथं सहसा वाचतेच फक्त. पण हा धागा बघून राहवलं नाही.

मला बाविसाव्या वर्षी हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कॅन्सर झाला. मानेत गाठ होती, रात्री अंग घामानं भिजायचं, वजन उतरत होतं. आधी टीबी समजून एकेटी, म्हणजे टीबीची औषधं सुरू केली होती. गाठ कमी होईना, तरी 'कोर्स पूर्ण करा' हेच ऐकायला मिळत होतं. डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. आपल्याकडं टीबी इतका आहे की असा अंदाज बांधणं स्वाभाविक आहे, पण सुईनं पाणी काढून केलेल्या तपासणीवर थांबायला नको होतं. शेवटी पूर्ण गाठ काढून बायोप्सी झाली तेव्हा आजार सापडला. मानेतली गाठ औषधानं हलत नसेल तर पूर्ण गाठ काढून तपासा, एवढं प्रत्येक आईबापानं लक्षात ठेवावं.

पुढं एबीव्हीडी नावाची चार औषधांची केमो झाली, दर पंधरा दिवसांनी सलाइन. आता बरी आहे. हा आजार दहातल्या आठ-नऊ जणांचा बरा होतो.

मला लिहायचंय ते वेगळंच. केमो सुरू होण्याआधी मला एका माणसानंही विचारलं नाही की पुढं मूल हवं असेल तर काय करायचं. आई-बाबांना वाटलं, असं विचारणं बरं दिसत नाही. डॉक्टर घाईत होते. माझ्या नशिबानं एबीव्हीडीमध्ये बहुतेक बायकांची पाळी परत सुरू होते. पण हे मला केमो संपल्यावर, स्वतः वाचून कळलं. मधला सगळा काळ मी ते मनात घेऊन झोपत होते, कुणाशी बोलायची सोय नव्हती.

उजनीकाठदादा, तुमच्या भाच्यासाठी हा प्रश्न मुंबईत पहिल्याच दिवशी विचारा. मुलग्यांचं सोपं असतं. केमोच्या आधी वीर्याचा नमुना देऊन गोठवून ठेवता येतो. एक-दोन दिवसांचं काम आहे.

कडकभाकरी (मंगळवार, दुपारी २:१०)

मीराताई, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलतो. पोरगं अठरा वर्षांचं आहे, त्याला अजून आजाराचं नाव माहीत नाही आणि तुम्ही म्हणताय वीर्य गोठवा? आईबापाची झोप उडालीय. आधी जीव वाचू द्या की ओ. लग्न, पोरंबाळं पुढचं पुढं.

मीरा_जुळेसोलापूर (मंगळवार, दुपारी २:२५)

पुढं ती वेळ राहत नाही, म्हणून आत्ता.

पॅथॉलॉजीवाला (मंगळवार, दुपारी ३:००)

कडकभाकरी, तुमची कळकळ समजते, पण मीराताईंचं बरोबर आहे. एएलएलच्या पहिल्या महिन्यातली औषधं त्या मानानं सौम्य असतात, पण पुढं सायक्लोफॉस्फामाइड येतं, त्यानं मूल होण्याच्या क्षमतेला धक्का बसू शकतो. आजार उलटला आणि बोन मॅरो प्रत्यारोपण करावं लागलं, तर त्याआधीच्या जबर केमोनं मूल होण्याची शक्यता बहुतेक संपते. केमो सुरू झाल्यावर नमुना घेण्यात अर्थ राहत नाही. पहिल्या दिवशी सकाळी नमुना, दुपारी केमो, असंही करता येतं. उपचार थांबत नाहीत.

मुलींचं अवघड असतं. बीजांडं गोठवायला इंजेक्शनं देऊन साधारण दोन आठवडे लागतात, रक्ताच्या कॅन्सरमध्ये तेवढी सवड मिळत नाही. स्तनाच्या कॅन्सरमध्ये किंवा काही लिम्फोमांत मिळू शकते.

२०२१ च्या कायद्यानुसार बँक नोंदणी झालेलीच हवी आणि नमुना दहा वर्षांपर्यंत ठेवता येतो. तो अठराचा आहे, म्हणजे सही त्याची स्वतःची लागणार. त्याला आजार न सांगता ती सही कशी घेणार? तुमचे पहिले दोन्ही प्रश्न इथं एकत्र येतात.

पूर्वभाग (मंगळवार, संध्याकाळी ६:४५)

सांगण्याबद्दल लिहितो. माझ्या धाकट्या भावाला सोळाव्या वर्षी गुडघ्याच्या वर हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. कबड्डी खेळायचा, त्यामुळं सगळे म्हणाले मार लागलाय. अशोक चौकात एका मालिशवाल्याकडं नेत होतो. दुखणं रात्री वाढायचं, खेळल्यावर नाही. हे कुणी नीट ऐकलंच नाही. वयात येणाऱ्या पोराचं गुडघ्याजवळचं दुखणं रात्री जागं करत असेल आणि सूज असेल, तर मालिश बंद करा आणि आधी एक्स-रे काढा.

त्याला आम्ही सांगितलं नव्हतं. वडील तेलुगूत हळू बोलायचे, जणू त्याला तेलुगू येत नाही! तिसऱ्या दिवशी त्यानं फाइलवरचं नाव मोबाइलमध्ये घातलं आणि सगळं वाचलं. रात्री मला विचारलं, "पाय कापणार काय?" आम्हाला तर तेव्हा उत्तरही माहीत नव्हतं. त्याला वाटलं, माहीत असून लपवतोय. त्यानंतर घरच्यांवरचा त्याचा विश्वास परत यायला फार वेळ लागला.

शेवटी सर्जननं त्याला समोर बसवलं, कागदावर हाड काढून दाखवलं. इथून इथपर्यंत कापणार, इथं धातूचा सांधा बसवणार, पाय राहील, कबड्डी राहणार नाही. तो रडला, पण त्या दिवसापासून गोळ्या स्वतः घ्यायला लागला. आज चाटी गल्लीत कापडाच्या दुकानात हिशेब बघतो.

अजून एक. आमची आई विड्या वळते. विडी कामगाराचं ओळखपत्र असेल तर कामगार कल्याण दवाखान्यात जाऊन विचारा, कुटुंबातल्या माणसाच्या कॅन्सरच्या खर्चासाठी तिथं तरतूद आहे. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड, आधार घेऊन हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनीसाला) भेटा. कार्डावर मुलाचं नाव आणि आधारवरचं स्पेलिंग जुळतंय का ते निघायच्या आधी बघा, आमचे दोन दिवस तिथंच गेले होते.

कन्नाचौक (मंगळवार, संध्याकाळी ७:२०)

विषय तरुणांच्या कॅन्सरचा आहे तर बोलतोच. गुटखा राज्यात २०१२ पासून बंद आहे आणि आमच्या गल्लीत पंचवीस-सत्तावीसच्या पोरांची तोंडं उघडत नाहीत. मावा चघळत कॅरम खेळतात. कुणीतरी यावर वेगळा धागा काढा, मी जे बघतोय ते सगळं लिहीन.

वॉर्डनंबरसात (मंगळवार, संध्याकाळी ७:३५)

काढा, मीही लिहीन. तोंडात बोटं तीन उभी मावत नसतील तर दाखवायला जा, एवढं आत्ता इथंच सांगून ठेवते.

गड्ड्याचा_राजा (मंगळवार, रात्री १०:५०)

ओ मालक, माझी पाळी. एएलएल, विसाव्या वर्षी. उपचार संपले, फॉलोअपवर आहे. भाच्याला हे वाचायला द्या, पण आधी त्याला सांगा.

कुणी सांगत नाही अशा गोष्टी लिहितो.

स्टिरॉइडच्या आठवड्यांत भूक अशी लागते की रात्री तीनला उठून ज्वारीची भाकरी मागितलीय मी आईला. तोंड सुजतं. गड्ड्याच्या यात्रेत मित्रांनी ओळखलं नाही, शेवटी आवाजावरून ओळखलं. आणि डोकं फिरतं. विनाकारण रडू येतं, विनाकारण भांडण होतं. ते औषधाचं असतं, पोरगं बिघडलेलं नसतं. ताईंना हे आधीच माहीत असलं तर निम्मी भांडणं होणार नाहीत. खुब्यात किंवा गुडघ्यात दुखायला लागलं तर लगेच सांगायचं. स्टिरॉइडनं हाडाचा रक्तपुरवठा बिघडतो आणि हे आपल्याच वयात जास्त होतं.

दुसरं, शेवटच्या दोन वर्षांच्या गोळ्या. मर्कॅप्टोप्युरीन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. एकदाच, रोज नाही, रोज घेतली तर जिवावर बेतेल. या काळात केस आलेले असतात, कॉलेज सुरू असतं, तब्येत झकास असते, आणि तिथंच पोरं गोळ्या चुकवतात. मलाही कंटाळा यायचा. आई रागावली की जास्तच यायचा. माझ्या रूममेटनं मोबाइलवर गजर लावला आणि रोज रात्री गोळी घेतल्याचा फोटो मागायला लागला. आईऐवजी मित्र विचारतोय म्हटल्यावर जमलं. हे काम मित्राला द्या.

तिसरं, वॉर्ड. मुलांच्या वॉर्डात भिंतीवर हत्ती आणि ससे, मोठ्यांच्या वॉर्डात शेजारी साठीचे आजोबा. आजोबा चांगले होते, पत्ते शिकवले मला. पण परीक्षा बुडाली, ती मुलगी आता बोलेल का, टकलावर टोपी घालू की नको, हे त्यांच्याशी काय बोलणार? आपल्या वयाचा एक जण भेटला आणि जिवात जीव आला.

युवराज सिंगची गोष्ट प्रत्येक पाहुणा सांगणार, तयारी ठेव. २०११ चा वर्ल्डकप, मग छातीत गाठ, अमेरिकेत केमो, २०१२ च्या सप्टेंबरमध्ये परत भारताकडून खेळला. भारी माणूस. पण पहिल्यांदा जिना चढून धाप लागली तेव्हा मला त्याचा राग आलेला. तुला आला तरी चालेल.

मीरा_जुळेसोलापूर (मंगळवार, रात्री ११:२०)

राजा, तू लिहिलेलं वाचून हसले आणि रडलेही. टोपीचं काय केलंस शेवटी?

गड्ड्याचा_राजा (मंगळवार, रात्री ११:२४)

सोलापूरच्या उन्हात टोपी? मे महिन्यात चव्वेचाळीस असताना? टक्कल मिरवलं मी. मित्रांनी हळद-कुंकू लावून पूजा केली त्याची.

होटगीरोड (बुधवार, सकाळी ९:००)

माझ्या बहिणीला २९ व्या वर्षी सीएमएल (क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया) निघाला. तोही रक्ताचाच, पण वेगळा, हळू चालणारा. ती रोज इमॅटिनिबची गोळी घेते आणि नोकरी करते. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ग्लिव्हेकचं (याच गोळीचं परदेशी कंपनीचं नाव) पेटंट नाकारलं, स्वस्त भारतीय गोळ्या टिकल्या. त्यामुळेच आम्हाला हे झेपतंय. तिचं लग्न ठरतंय. गोळी चालू असताना गर्भ राहू द्यायचा नसतो, हे मुलाकडच्यांना आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं. एका ठिकाणी फिसकटलं. दुसऱ्या घरी मुलानं स्वतः डॉक्टरांची वेळ घेतली आणि प्रश्नांचा कागद घेऊन गेला.

कडकभाकरी (बुधवार, सकाळी ९:४०)

होटगीरोड, त्या मुलाला माझा सलाम सांगा.

काल मी जे लिहिलं ते आईबापाच्या काळजीनं लिहिलं होतं, आणि ती काळजी खोटी नाही. अजूनही मला वाटतं, पोराशी हा विषय मामानं किंवा डॉक्टरनं काढावा, आईनं नाही. आमच्याकडं आईसमोर पोरगं मान वर करणार नाही. पण विषय निघायला हवा, हे पटलं.

वॉर्डनंबरसात (बुधवार, सकाळी १०:०५)

अगदी बरोबर. आम्ही वॉर्डात तसंच करतो. त्याच्याशी बोलताना आई-वडिलांना दहा मिनिटं चहाला पाठवतो. एकटा असला की पोरगा विचारतो. सिगारेटबद्दल, मैत्रिणीबद्दल, मरणाबद्दल. मामांनी डॉक्टरांना तेवढंच म्हणावं, "तुम्ही त्याच्याशी एकट्याशी बोलाल का?"

उजनीकाठ (रविवार, रात्री ८:१५)

सगळ्यांना उशिरा उत्तर देतोय, मुंबईत आहोत.

निघायच्या आधी रात्री मी भाच्याला गच्चीवर नेलं आणि आजाराचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "मामा, मला रिपोर्ट आला त्याच दिवशी कळलंय. आईला कळू नये म्हणून गप्प होतो." दोघंही एकमेकांपासून लपवत होते. ताईला सांगितलं तेव्हा ती खूप रडली, मग दोघं एका ताटात जेवले.

मुख्य प्रश्नाचं उत्तर असं मिळालं : अठरा पूर्ण म्हणून मोठ्यांच्या रक्तविकार विभागात घेतलं. मी पॅथॉलॉजीवाल्यांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. डॉक्टर म्हणाल्या, या वयाला आम्ही मुलांच्या धर्तीवरचाच प्रोटोकॉल देतो, आणि वेळापत्रकाचा कागद हातात दिला. भाच्यानं त्याचा फोटो काढून घेतलाय. वीर्य गोठवण्याचं मी बोललो, तर त्यांनीच मला बाहेर जायला सांगितलं. वीस मिनिटांनी भाचा फॉर्मवर सही करून बाहेर आला. दुसऱ्या दिवशी नमुना झाला, त्याच दिवशी केमो सुरू. मीराताई, ताईनं तुम्हाला खास निरोप सांगितलाय, सोलापूरला आल्यावर घरी या.

योजनेत बसलंय. काही तपासण्या आणि बाहेरून आणायची औषधं खिशातून गेली, समाजसेवा विभागानं ट्रस्टचे अर्ज भरून घेतलेत. राहायची सोय आठवडाभरासाठी झाली, पुढचं बघतोय. स्पेलिंगचा घोळ आमच्याही आधारमध्ये होता, पूर्वभाग, तुमच्यामुळं निघायच्या आधी दुरुस्तीला टाकला.

पॉलिटेक्निकच्या प्राचार्यांना अर्ज दिलाय, या वर्षीचा प्रवेश धरून ठेवतो म्हणाले. राजा, त्याला तुमचा आयडी दिलाय, तो लिहील तेव्हा बोला त्याच्याशी. गोळीच्या फोटोसाठी त्यानं कॉलेजातला मित्र आत्ताच नेमलाय.

एक विचारायचं राहिलं. पहिला महिना झाल्यावर 'आजार गेला' असं सांगतात म्हणे. तेव्हा नेमकं काय बघायचं?

गड्ड्याचा_राजा (रविवार, रात्री ८:३०)

सांगा त्याला, रात्री-अपरात्री कधीही लिही. मीही स्टिरॉइडच्या वेळी जागाच असायचो.

पॅथॉलॉजीवाला (रविवार, रात्री ९:१०)

पहिल्या टप्प्यानंतर, म्हणजे साधारण महिनाभरानं, परत बोन मॅरो करतात. सूक्ष्मदर्शकाखाली आजाराच्या पेशी दिसल्या नाहीत तर त्याला रेमिशन म्हणतात, आणि बहुतेकांना ते मिळतं. पण त्यावर समाधान मानून गोळ्या-इंजेक्शनं सोडायची नसतात, डोळ्याला न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. त्या मोजायची तपासणी म्हणजे एमआरडी. दहा हजार पेशींत एक जरी आजाराची असली तरी ती पकडता येते. पुढं उपचार तसेच ठेवायचे, वाढवायचे की प्रत्यारोपणाचा विचार करायचा, हे बरंचसं त्या आकड्यावर ठरतं. वेळापत्रकाच्या कागदावर त्या मॅरोची तारीख शोधा, एमआरडी त्याच नमुन्यातून पाठवणार ना ते डॉक्टरांना आधी विचारा, आणि रिपोर्टची प्रत भाच्याच्या फाइलला लावा. योजनेच्या पॅकेजमध्ये ती तपासणी धरलीय का, हे आरोग्यमित्राला उद्याच विचारून ठेवा.

उजनीकाठ (रविवार, रात्री ९:१८)

तारीख सापडली. पुढच्या महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आहे. आरोग्यमित्राकडं उद्या सकाळी जातो, काय म्हणतात ते इथंच लिहितो.